दोन सेनापती, एक शिपाई आणि उडत्या तलवारी: हाँगकाँगच्या ‘झू’ची गोष्ट

आजचा भाग सिनेमाच्या इतिहासाचा आहे. एपिसोड ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये इअरफोन विसरला असाल, तर नेहमीप्रमाणे हे वाचायचं. बोलताना जे पटापट सुटून जातं, ते इथे जरा नीट मांडलंय.

सुरुवात एका प्रसंगापासून करू. जुना चीन, यादवीचा काळ. एक साधा शिपाई आहे. टेहळणी करून आलाय, धापा टाकतोय. त्याच्यासमोर दोन सेनापती उभे आहेत, दोघंही त्याच्याच सैन्यातले. एक म्हणतो जमिनीवरून हल्ला करू, दुसरा म्हणतो पाण्यातून. दोघांचं जमत नाही. मग दोघं मिळून या बिचाऱ्यालाच कोंडीत पकडतात: तू कुणाचं ऐकणार? तो गरीब सांगतो की बाबांनो, मी दोघांचंही ऐकतो. झालं! दोघंही त्याच्यावरच उलटतात. शिपाई जीव घेऊन पळतो.

पळता पळता त्याला शत्रूपक्षाचा एक जाडजूड शिपाई भेटतो. हाणामारी सुरू होते, आणि लढता लढताच दोघांच्या लक्षात येतं की आपली गावं तर शेजारशेजारचीच आहेत. मग काय, दोस्ती. तेवढ्यात चहूबाजूंनी वेगवेगळ्या रंगांच्या गणवेशातली सैन्यं येतात आणि कोण कुणाला मारतंय हेच कळेनासं होतं. आपला शिपाई कड्यावरून खाली कोसळतो आणि जाऊन पडतो थेट एका जादूच्या डोंगरात. तिथे तलवारी हवेत उडतात, डोळ्यांतून निळा प्रकाश फेकणारे राक्षस आहेत, आणि एक म्हातारा साधू आहे जो आपल्या लांबच लांब भुवयांनी एका रक्तपिशाच्चाला बांधून ठेवतो. हो, भुवयांनी. बरोबर वाचलंत.

या सिनेमाचं नाव ‘झू: वॉरियर्स फ्रॉम द मॅजिक माउंटन’. फेब्रुवारी १९८३मध्ये हाँगकाँगला प्रदर्शित झाला. दिग्दर्शक त्सुई हार्क, निर्मिती गोल्डन हार्वेस्टची. आज बघाल तर काही दृश्यांना हसाल, काही दृश्यांना तोंडाचा आ वासेल, आणि बऱ्याच वेळा नक्की काय चाललंय तेच कळणार नाही, इतका त्याचा वेग आहे. पण या दीड तासाच्या धुमाकुळामागे जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक सरकारी बंदी आहे, एक हरवलेली चित्रपटमालिका आहे, एक अर्धवट राहिलेली अवाढव्य कादंबरी आहे, आणि एका छोट्या शहराच्या मोठ्या जिद्दीची गोष्ट आहे.

सगळं सुरू झालं शांघायमध्ये

आधी एक शब्द समजून घेऊ: वूश्या. ‘वू’ म्हणजे युद्धकला, आणि ‘श्या’ म्हणजे न्यायासाठी लढणारा, राजाच्या चाकरीत नसलेला वीर. चिनी साहित्यात हा माणूस फार जुना आहे. त्याच्या गोष्टींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एकात माणसं माणसांसारखी लढतात, म्हणजे कसरती भारी असल्या तरी पाय जमिनीवर असतात. दुसऱ्या प्रकारात मात्र देव, भुतं, तपश्चर्या, मंत्र आणि हवेत उडणाऱ्या तलवारी असतात. या दुसऱ्या प्रकाराला म्हणतात ‘शनग्वाय’. शन म्हणजे दैवी, ग्वाय म्हणजे विलक्षण, अद्भुत. ‘झू’ हा या दुसऱ्या घराण्यातला.

या घराण्याचा पडद्यावरचा पहिला मोठा धमाका झाला १९२८ साली, शांघायमध्ये. मिंगशिंग नावाच्या कंपनीने ‘लाल कमळ मंदिराचं दहन’ अशा अर्थाच्या नावाचा मूकपट काढला. दिग्दर्शक चांग शिचुआन. तो इतका चालला की १९३१पर्यंत त्याचे तब्बल अठरा भाग निघाले! आज आपण सिक्वेलवर सिक्वेल म्हणून नाकं मुरडतो ना, शांघायच्या मंडळींनी तो प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलाय.

त्यात काय होतं? माणसं तारांना लटकून उडायची. तलवारीतून निघणारा प्रकाश फिल्मवर हाताने रेखाटलेला असायचा. हू दिए ही त्या काळची लाडकी नटी त्यात झळकली. आणि प्रेक्षक? लेखक माओ दुन यांनी १९३३ साली या वेडाबद्दल लिहून ठेवलंय. थिएटरात टाळ्या आणि आरडाओरडा थांबत नसे, पडद्यावर उडत्या तलवारी भिडल्या की लोक अशा काही आरोळ्या ठोकायचे, जणू लढाई तिथेच चालली आहे. माओ दुन स्वतः या सिनेमांचे चाहते नव्हते बरं का, टीकाकार होते. पण ही गर्दी त्यांनाही डोळ्यांआड करता आली नाही.

सरकारलाही आली नाही. त्या वेळी चीनमध्ये राष्ट्रवादी पक्षाचं सरकार होतं. त्यांना देश आधुनिक करायचा होता, विज्ञाननिष्ठ करायचा होता. त्यांच्या दृष्टीने हे सिनेमे म्हणजे शुद्ध अंधश्रद्धा. १९३१च्या सुमारास सेन्सॉरने या प्रकारावर बंदी घातली आणि ती अठरा भागांची मालिका तिथेच थांबली. आज ती हरवलेली आहे. आपल्याकडे उरलीत ती वर्णनं, काही छायाचित्रं आणि दंतकथा.

इथे जरा थांबू. कारण हा प्रश्न सोपा नाही. सरकारची काळजी खोटी होती का? तर नाही. देशात दारिद्र्य, लष्करी सरदारांची आपापसातली युद्धं, वर परकीय सत्तांचा दबाव. अशा वेळी माणसांनी आकाशातून कुणी तलवारवाला येईल याची वाट बघत बसावं, हे कुठल्या सुधारकाला आवडेल? पण दुसरी बाजूही बघा. कोर्टात न्याय नाही, पोलीस विकले गेलेत, मालक पिळतोय, अशा माणसाला संध्याकाळी दोन तास अन्यायाचा सूड बघायला मिळत होता. त्याला ते खरं वाटत होतं म्हणून नव्हे, तर हवं होतं म्हणून. बंदी सिनेमावर घालता येते, हवं असण्यावर नाही. ते हवं असणं मग दुसरी वाट शोधतं.

कादंबरीतून, आणि मग बंदरातून

एक वाट निघाली छापील कागदावरून. १९३२ साली, म्हणजे बंदीच्या पाठोपाठच, तिएनजिन शहरातल्या एका वर्तमानपत्रात एक कादंबरी क्रमशः सुरू झाली. लेखकाचं खरं नाव ली शोउमिन, पण ते ह्वानजूलोऊजू या टोपणनावाने लिहायचे. कादंबरी शू पर्वतातल्या तलवारबाजांची. शू म्हणजे आजच्या सिचुआन प्रांताचं जुनं नाव. तिथल्या एमेई पर्वताच्या परिसरात तप करणारे, उडत्या तलवारी बाळगणारे, शेकडो वर्षं जगणारे योगी आणि त्यांचे तितकेच पोचलेले शत्रू. ही कादंबरी वर्षानुवर्षं चालत राहिली. तीनशेहून जास्त प्रकरणं झाली, आणि तरी ती पूर्ण झालीच नाही!

दुसरी वाट निघाली दक्षिणेकडे, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हाँगकाँग बंदरात. शांघायची त्यानयी नावाची फिल्म कंपनी १९३०च्या दशकात तिथे गेली. याच कंपनीच्या घराण्यातून पुढे शॉ ब्रदर्स हा प्रचंड स्टुडिओ उभा राहिला. १९४९मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. त्यांनाही या गोष्टी नको होत्या. दोन सरकारं, एकमेकांची हाडवैरी, पण उडत्या तलवारीबद्दल मात्र दोघांचं एकमत. गंमत आहे की नाही?

त्यामुळे चिनी अद्भुतकथेचा मुक्काम हाँगकाँगला हलला. १९५०च्या दशकात तिथल्या वर्तमानपत्रांतून ल्यांग यूशंग आणि जिन योंग या लेखकांनी नव्या धाटणीच्या वूश्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या. कँटोनीज भाषेतले स्वस्तातले सिनेमेही धडाधड निघत होते. १९६४ साली आलेला ‘बुद्धाज पाम’ घ्या. वीराच्या तळहातातून किरण निघतात, समोरच्याच्या तळहातातूनही निघतात, मध्ये ते भिडतात. हे किरण कसे केले असतील? फिल्मवर चित्रं काढून आणि ओरखडे मारून! पैसे नव्हते, पण हौस दांडगी.

पुढे शॉ ब्रदर्सनी हे सगळं बाजूला सारून खऱ्याखुऱ्या, रक्त सांडणाऱ्या तलवारबाजीचे रंगीत सिनेमे आणले. किंग हू या दिग्दर्शकाचा ‘कम ड्रिंक विथ मी’ १९६६चा. त्याच्याच ‘अ टच ऑफ झेन’ला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. दरम्यान १९७०मध्ये रेमंड चाऊ शॉमधून बाहेर पडले आणि त्यांनी गोल्डन हार्वेस्ट काढली. त्यांच्याकडे आला ब्रूस ली. झालं, तलवार गेली आणि मुठी आल्या. कुंग फूचा जमाना सुरू झाला. उडत्या तलवारी आता म्हाताऱ्यांच्या गप्पांतल्या.

आणि मग येतो त्सुई हार्क

त्सुई हार्कचं बालपण गेलं व्हिएतनाममध्ये, सायगावात, युद्धाच्या छायेत. १९६६मध्ये तो हाँगकाँगला आला, पुढे अमेरिकेत टेक्ससला सिनेमा शिकला, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी हाँगकाँगला परतून टीव्हीत काम करू लागला. त्या काळात असे बरेच तरुण दिग्दर्शक परदेशात शिकून, टीव्हीत हात साफ करून सिनेमाकडे वळत होते. त्यांना ‘हाँगकाँग न्यू वेव्ह’ म्हणतात. १९७९चा ‘द बटरफ्लाय मर्डर्स’ हा त्सुईचा पहिला सिनेमा. १९८१मध्ये त्याने ‘ऑल द राँग क्लूज’ ही कॉमेडी केली आणि ती चांगली चालली.

आता गोल्डन हार्वेस्टने त्याला मोठा सिनेमा दिला. आणि त्याने काय निवडलं? तीच ती तिएनजिनची न संपलेली कादंबरी, शू पर्वतवाली.

काळ लक्षात घ्या. १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला होता आणि जगभरचे दिग्दर्शक डोळे चोळत बसले होते. त्सुईचा विचार साधा होता. अंतराळात तलवारी चमकवून अमेरिकेने एवढं जग जिंकलं. अरे, पण चमकत्या तलवारी तर आमच्या आज्यापणज्यांच्या आहेत! मग आमच्या गोष्टीला ते तंत्र का मिळू नये?

त्याने ते तंत्र आणलं, ते माणसांसकट. रॉबर्ट ब्लॅलॅक यांना ‘स्टार वॉर्स’च्या स्पेशल इफेक्ट्ससाठी ऑस्कर मिळालं होतं. ते ‘झू’च्या कामात होते. पीटर कुरान ‘स्टार वॉर्स’च्या अॅनिमेशन विभागात होते, तेही आले. आणखी काही अमेरिकन तंत्रज्ञ आले. म्हणजे बघा, ज्या हातांनी जेडाय वीरांच्या प्रकाशतलवारींच्या जगावर काम केलं, ते आता चिनी योग्यांच्या तलवारी उडवत होते. त्यात आणखी एक गंमत आहे. ‘स्टार वॉर्स’ करताना जॉर्ज लुकासने जपानच्या कुरोसावाच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या तलवारपटाकडून उसनं घेतलं होतं, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. पूर्वेची तलवार पश्चिमेला गेली, तिथून विजेची होऊन परत आली.

किरण कसा काढायचा?

तुमच्यातल्या अनेकांना फोनवर एका टॅपमध्ये डोळ्यांतून लेझर काढता येतो. १९८२मध्ये काय करायचे ते ऐका.

सिनेमाची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने धावते. समजा नायकाच्या तळहातातून तीन सेकंदांचा किरण काढायचाय. म्हणजे बहात्तर चौकटी. प्रत्येक चौकटीत हात थोडा हललेला असणार. म्हणून प्रत्येक चौकट मोठी करून बघायची, हात कुठे आहे ते टिपायचं, आणि त्या जागी किरणाचं वेगळं चित्र काढायचं. बहात्तर चित्रं. मग त्या चित्रांची वेगळी फिल्म करायची. मग ‘ऑप्टिकल प्रिंटर’ नावाच्या यंत्रात मूळ फिल्म आणि किरणाची फिल्म एकावर एक धरून तिसऱ्या कोऱ्या फिल्मवर छापायची. एखाद्या दृश्यात डोंगर, ढग, उडणारा माणूस आणि किरण असे चार थर असतील तर हेच पुन्हा पुन्हा. एखादी चौकट केसभर सरकली तरी माणसाच्या कडेला काळी रेघ दिसणार. आणि प्रत्येक नकलेबरोबर चित्र थोडं मळकट होत जाणार.

हा झाला प्रकाशाचा भाग. उडण्याचा भाग मात्र पूर्णपणे हाँगकाँगचा. अभिनेत्यांना बारीक पोलादी तारांनी टांगायचं, आणि दुसऱ्या टोकाला माणसांनी ताल धरून ओढायचं. तार संगणकावर पुसायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून धूर सोडायचा, प्रकाश असा ठेवायचा की तार दिसू नये. आणि तारेवर लटकलेल्या माणसाने हवेत डौलदारही दिसायचं, हे कुणालाही जमणारं काम नाही.

ते जमायचं ऑपेरा शाळेतल्या पोरांना. ‘झू’मधला पळपुटा शिपाई म्हणजे युएन बियाओ, आणि जाडा शिपाई म्हणजे सॅमो हंग. हे दोघं आणि जॅकी चॅन एकाच गुरूकडे, यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा शाळेत लहानपणापासून कोलांट्या मारत वाढले. ‘झू’च्या मारामाऱ्यांवर काम करणारा कोरी युएनही त्याच शाळेचा. ऑपेरात तलवारबाजी, कसरत, गाणं आणि विनोद वेगळे शिकवत नाहीत, सगळं एकाच अंगात भिनवतात. म्हणून ‘झू’मधला विनोद वरून शिंपडलेला वाटत नाही. कोलांटीच विनोदी असते. आपल्या वगातला सोंगाड्या कसा नुसत्या चालण्यातून हसवतो, तसं.

बाकी कलाकारही भारी होते. टीव्हीवरचा लाडका नट आणि गायक अॅडम चेंग आहे. तैवानच्या प्रेमपटांची राणी ब्रिजिट लिन इथे एका गूढ किल्ल्याची स्वामिनी झाली, आणि तलवारपटांत तिची पुढे जी कारकीर्द घडली तिची ही नांदी ठरली. आणि सॅमो हंग दोन भूमिकांत आहे. तो जाडा शिपाईही तोच आणि भुवयांनी पिशाच्चाला बांधणारा साधूही तोच!

हसता हसता काय म्हणून गेला

आता गोष्टीच्या पोटात शिरू. साधू सांगतो की मी या रक्तपिशाच्चाला एकोणपन्नास दिवसच धरून ठेवू शकतो. तेवढ्यात दोन जुळ्या तलवारी शोधून आणा, नाहीतर जग संपलं.

कामगिरीवर कोण निघतं? एक महान तलवारबाज आणि त्याच्या मागे गुरू मानून लागलेला आपला शिपाई. एक महान भिक्षू आणि त्याचा शिष्य. दोन्ही गुरू थोर, पण दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एकाला दुसऱ्याची मदत नको, दुसऱ्याला पहिल्याचा सल्ला नको. ओळखीचं वाटतंय ना? अहो, हे तर सुरुवातीचेच दोन सेनापती! शिपाई जगातल्या भांडणांतून पळून स्वर्गात आला, आणि स्वर्गातही तेच. फक्त कपडे भारी आणि अंगातून प्रकाश निघतो एवढाच फरक.

पुढे काय होतं? दोन्ही थोर माणसं कोसळतात. भिक्षूला विषबाधा होते. तलवारबाज तर सैतानी शक्तीच्या आहारी जाऊन शत्रूच्याच बाजूला जातो. मग उरतात दोन पोरगे शिष्य, ज्यांना धड काही येत नाही. आणि त्या जुळ्या तलवारींची अट काय, तर त्या एक व्हायला हव्यात, म्हणजे त्या धरणाऱ्या दोघांची मनं एक व्हायला हवीत. जे दोन सेनापतींना जमलं नाही, दोन गुरूंना जमलं नाही, ते या दोन पोरांना जमवायचंय.

आता हे तेव्हाच्या हाँगकाँगमध्ये ठेवून बघा. ब्रिटिशांनी १८९८मध्ये हाँगकाँगचा मोठा भाग चीनकडून नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. मुदत संपणार १९९७ला. सप्टेंबर १९८२मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर बीजिंगला गेल्या आणि पुढच्या वाटाघाटींना तोंड फुटलं. एका बाजूला लंडन, दुसऱ्या बाजूला बीजिंग. आणि ज्यांच्या भवितव्याची चर्चा चाललीय ते पन्नास लाखांच्या आसपास लोक? त्यांना टेबलाशी स्वतःची खुर्ची नाही. डिसेंबर १९८४मध्ये दोन सरकारांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९७ रोजी शहर चीनकडे गेलं.

‘झू’ थिएटरात लागला तो याच वाटाघाटींच्या सुरुवातीच्या महिन्यांत. दोन बलवान माणसं मध्ये उभ्या सामान्य माणसाला विचारतायत की तू कुणाचा, आणि त्याने कुठलंही उत्तर दिलं तरी मार त्यालाच. त्सुई हार्कने हे थॅचर बाईंना बघून लिहिलं, असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याचं बालपण सायगावात गेलं त्याला दोन सैन्यांच्या मध्ये सापडणं म्हणजे काय, हे शिकायला वर्तमानपत्र लागत नाही. पण सिनेमा एकदा लोकांत गेला की तो दिग्दर्शकाच्या हातात राहत नाही. तो ज्या हवेत बघितला जातो, ती हवा त्यात शिरते.

म्हणूनच मला त्या १९३१च्या बंदीची आठवण होते. ज्याला अंधश्रद्धा म्हणून हाकललं, तोच उडत्या तलवारीचा खेळ पन्नास वर्षांनी फिरून आला आणि काय सांगून गेला? तर थोरामोठ्यांवर, तेजस्वी गुरूंवर डोळे मिटून विसंबू नका, तेही भांडतात, तेही घसरतात. याला आंधळी श्रद्धा म्हणायचं? मला तर हे उलटं वाटतं.

पडला? की पेरला?

बरं, सिनेमा चालला का? निर्मात्यांनी जेवढी आशा धरली होती तेवढा नाही. परदेशासाठी त्याची वेगळी आवृत्तीही केली. त्यात आजच्या काळातला एक विद्यार्थी अपघातात बेशुद्ध पडतो आणि या जादूच्या जगात पोचतो, अशी शेपटी पुढेमागे जोडली. पाश्चात्य प्रेक्षकाला चिनी स्वर्गात शिरायला दार हवं, असा त्यामागचा हिशोब. ज्याने कुणी ती आवृत्ती आधी बघितली असेल, त्याने मूळ सिनेमा पुन्हा बघावा.

पण तिकीटबारीचा आकडा आणि इतिहासाचा हिशोब वेगळा असतो. १९८४मध्ये त्सुई हार्क आणि नानसुन शी यांनी ‘फिल्म वर्कशॉप’ ही स्वतःची कंपनी काढली. १९८७मध्ये त्याने निर्मिती केलेला ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’ आला. दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग. एक भित्रा वसुलीवाला तरुण, एक सुंदर भूत, एक दाढीवाला तलवारबाज साधू, आणि झाडातली राक्षसीण जिची जीभ अख्ख्या जंगलातून सरपटत येते. हसवतो, घाबरवतो, रडवतोही. आणि त्याचे इफेक्ट्स केले ते हाँगकाँगच्याच ‘सिनेफेक्स वर्कशॉप’ने. चार वर्षांपूर्वी ज्यासाठी अमेरिकेहून माणसं आणली, ते काम आता घरचे लोक करत होते. हा सिनेमा तुफान चालला, त्याचे पुढचे भाग निघाले, आणि नव्वदच्या दशकात उडत्या तलवारींची लाटच आली.

उलट दिशेनेही प्रवास झाला. अमेरिकेत जॉन कार्पेंटरने १९८६मध्ये ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ काढला, त्यावर ‘झू’ची सावली स्पष्ट आहे. १९९९च्या ‘द मेट्रिक्स’साठी हॉलिवूडने हाँगकाँगचा युएन वू-पिंग बोलावला. म्हणजे आता तिकडचे लोक इकडून माणसं नेत होते.

आणि आपल्या मुंबईचं काय? तर ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’वाला तो चिंग सिउ-तुंग, ज्याला जग टोनी चिंग म्हणून ओळखतं, त्याने २००६च्या ‘क्रिश’च्या साहसदृश्यांवर काम केलं. तुमच्यातल्या ज्यांनी लहानपणी गळ्यात टॉवेल बांधून पलंगावरून उड्या मारल्यात ना, त्यांच्या त्या उडीचं मूळ असं फिरत फिरत हाँगकाँगच्या तारांपर्यंत जातं.

त्सुई हार्क स्वतः २००१मध्ये पुन्हा त्याच डोंगरात गेला. ‘द लेजंड ऑफ झू’. या वेळी संगणक हाताशी होता, हवं ते काढता येत होतं. चित्रं झगमगीत आहेत. पण बहुतेक चाहते आजही १९८३च्याच सिनेमाचं नाव घेतात, आणि याचं कारण नुसतं जुन्याचं प्रेम नाही. नव्यात सगळेच देव आहेत. तो गोंधळलेला, पळपुटा, दोघांनाही हो म्हणणारा शिपाई तिथे नाही. जादू कितीही मोठी असली तरी ती बघून ज्याचे डोळे विस्फारतात असा एक साधा माणूस पडद्यावर लागतो, नाहीतर आपण कुणाच्या खांद्यावरून बघायचं?

तंत्रावर मालकी कुणाची, हा प्रश्न आजही आहेच. तुमच्या फोनमध्ये जी साधनं आहेत ती तुम्ही बनवलेली नाहीत, मीही नाही. हाँगकाँगच्या या पोरांनीही ऑप्टिकल प्रिंटर शोधून काढला नव्हता. त्यांनी तो उसना घेतला, पण गोष्ट उसनी घेतली नाही, आणि विनोद तर मुळीच नाही. नंतर त्यातच घाम गाळून स्वतःचा कारखाना उभा केला. एवढं जमलं तर पहिला प्रयत्न पडला तरी चालतो, असं निदान ‘झू’च्या इतिहासावरून दिसतं.

तर या शनिवारी ‘झू’ लावा. मोठ्या पडद्यावर बघता आला तर उत्तम. पहिली पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवा, कारण सगळ्यात चांगला विनोद तिथेच आहे. कथा हातातून निसटली तरी घाबरू नका, सगळ्यांचीच निसटते. फक्त कोण कुणाशी भांडतंय आणि मध्ये कोण सापडलंय, एवढ्यावर नजर ठेवा. आणि बघून झाला की सांगा, भुवया की उडत्या तलवारी, जास्त काय आवडलं? भेटू पुढच्या भागात.